लाईट आल्यावर लॉगिन अडले: वाचनालयाच्या संगणकाच्या प्रकल्प नोंदी

ठिकाण: खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव. मशीन: असेंबल केलेला डेस्कटॉप, इंटेल आय-३ आठवी पिढी, ८ जीबी रॅम, १ टीबी फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. ६०० व्हीएचा यूपीएस. सबंध इमारतीला साइनवेव्ह इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी. वापर: पुस्तकांची यादी आणि सभासदांची वर्गणी एक्सेलमध्ये, मराठी टायपिंग श्रीलिपीत, सरकारी पत्रव्यवहार कन्नडमध्ये, नुडी या टायपिंग सॉफ्टवेअरवर.

१४ जुलै २०२५, सोमवार

तक्रार: शनिवारी संध्याकाळी पावसात लाईट गेली तेव्हा मशीन चालू होते. गेली म्हणजे एकदाच गेली नाही. काही मिनिटांत येत-जात राहिली आणि मग रात्रभर आलीच नाही. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात जुलैत फांदी तारेवर पडली की असेच होते. आज सुरू केल्यावर आधी काळ्या स्क्रीनवर ‘तारीख-वेळ सेट नाही, एफ-१ दाबा’ असा संदेश. एफ-१ दाबल्यावर लॉगिनपर्यंत येते. तिथे पिन चालत नाही आणि पासवर्ड चुकीचा म्हणून परत पाठवते.

पासवर्ड कुणी बदललेला नाही. अशा वेळी पेन ड्राइव्हवरून पासवर्ड उडवणारे एखादे टूल चालवायचा मोह होतो. ते करू नये. लोकल खात्याचा पासवर्ड बाहेरून पुसला की त्या खात्याच्या पासवर्डाशी बांधलेल्या किल्ल्या निकामी होतात आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत. निदान व्हायच्या आधीच नुकसान.

पहिली तपासणी कीबोर्डची. नम-लॉकचा दिवा बंद होता. पासवर्डात चार आकडे आहेत आणि ते उजव्या बाजूच्या नंबर पॅडवरून टाइप होत होते. दिवा बंद असेल तर त्या कळा बाण, होम, एंड अशा चालतात. चौकोनात आकडा पडतच नाही. दुसरे, लॉगिन स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात भाषेचे चिन्ह कन्नडवर होते. तीन भाषांचे कीबोर्ड असलेल्या आपल्याकडच्या मशीनवर हे हटकून बघावे. चौकोनात नुसते ठिपके दिसतात, अक्षर कुठल्या लिपीतले पडले ते कळत नाही. विंडोज-कळ धरून स्पेस दाबली की भाषा बदलते. पासवर्डाच्या चौकोनाच्या टोकाला असलेले डोळ्याचे चिन्ह माउसने दाबून धरले की लिहिलेले दिसते. लॉगिनच्या कुठल्याही तक्रारीत पहिले काम हेच.

नम-लॉक बंद का झाला, घड्याळ का बिघडले आणि पिन का चालेना, तिन्हींचे मूळ एकच निघाले: मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल. मल्टिमीटरवर २.१ व्होल्ट. नवा सेल ३ व्होल्टच्या वर दाखवतो; २.७ च्या खाली गेला की बदलावा. वायर भिंतीत लावलेली असते तोवर एसएमपीएसकडून (मशीनच्या पॉवर सप्लायकडून) ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा मिळत असतो आणि मेलेला सेलही लपून राहतो. रात्रभर पुरवठा बंद राहिला, तेव्हा बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंग पुसल्या गेल्या. त्या मूळ स्थितीत गेल्यावर इंटेल पीटीटी, म्हणजे प्रोसेसरमधली टीपीएमची (गुप्त किल्ल्या जपून ठेवण्याची) सोय, बंद झाली. विंडोजचा पिन या मशीनवर तिच्यावर टेकलेला आहे, पासवर्ड नाही. म्हणून पिन अडतो तिथेही पासवर्ड चालू शकतो.

सेल बदलताना: वायर भिंतीतून काढायची, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरायचे, मग क्लिप बाजूला सारून सेल काढायचा. अधिकची बाजू वर. नंतर बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ, पीटीटी चालू, बूट यूईएफआय आणि साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय एवढे बघितले. यातला साटा मोड विसरला आणि तो रेडवर राहिला तर लॉगिनपर्यंत पोचायच्या आधीच निळी स्क्रीन येते आणि डिस्क गेली असा समज होतो. बिटलॉकर (सबंध डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) या मशीनवर नाही. असता तर बायोस बदलल्यावर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली असती. ती कुठे ठेवली आहे हे माहीत नसताना बायोसला हात लावू नये.

घड्याळ हातानेच लावले. इंटरनेट मिळाले की आपोआप लागेल, यावर विसंबू नये: स्वतंत्र मशीनवर विंडोजची टाइम सर्व्हिस १५ तासांपेक्षा मोठा फरक मूळ सेटिंगप्रमाणे स्वीकारत नाही. तारीख काही वर्षे मागे असेल तर वेबसाइटची प्रमाणपत्रेही नाकारली जातात, मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा लॉगिनही.

एवढे झाल्यावर पासवर्ड घेतला. आणि लगेच पुढची अडचण: ‘युजर प्रोफाइल सर्व्हिस फेल्ड द साइन-इन. युजर प्रोफाइल कॅनॉट बी लोडेड.’ प्रोफाइल म्हणजे त्या खात्याचा डेस्कटॉप, फायली आणि सेटिंग. म्हणजे कुलूप उघडले, दार अडले. पासवर्डाचा विषय इथे संपला. पुढचे सगळे डिस्कचे. मशीन बंद केले.

१५ जुलै २०२५, मंगळवार

आज दुरुस्ती नाही, फक्त प्रत. नेटवर प्रोफाइलच्या चुकीसाठी पहिलाच उपाय चेकडिस्क (विंडोजचे डिस्क तपासायचे टूल) सांगितलेला आढळतो. डिस्क धडधाकट असेल तर ठीक. पण चेकडिस्क फायली वाचवण्यासाठी नसते, फाइल सिस्टीम सुसंगत करण्यासाठी असते. जुळत नसलेली नोंद ती सरळ काढून टाकते. मरायला टेकलेल्या डिस्कवर तिचे लिहिणे आणखी महागात पडते. म्हणून आधी डिस्कची तब्येत, मग प्रत, मग चेकडिस्क.

लिनक्स मिंटच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून स्मार्ट आकडे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) वाचले. बघायचे ते हे: क्रमांक ५ (बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे लिहायचे छोटे कप्पे) ०, क्रमांक १९७ (वाचता न आलेले, निकाल बाकी असलेले) ८, क्रमांक १९८ ०, क्रमांक १९९ (केबलवरच्या चुका) ०. शेवटचा वाढलेला असता तर आधी साटा केबल बदलली असती.

१९७ चा ८ बघून घाबरायचे कारण नाही. बहुतेक आधुनिक डिस्क आतून ४०९६ बाइटचा एक सेक्टर लिहितात आणि बाहेर तो ५१२ बाइटच्या आठ सेक्टरांसारखा दाखवतात. म्हणजे खराब झालेली जागा प्रत्यक्षात एकच. लिहिता लिहिता करंट गेला की सेक्टरातला मजकूर अर्धा नवा, अर्धा जुना राहतो. त्याच्या शेवटची तपासणी-संख्या जुळत नाही आणि डिस्क तो वाचायला नकार देते. पृष्ठभाग शाबूत असेल तर पुन्हा लिहिल्यावर तो सेक्टर बरा होतो.

प्रत डीडीरेस्क्यूने (बिघडलेल्या डिस्कची प्रत घ्यायच्या टूलने) घेतली, २ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर, इमेज फाइल आणि सोबत मॅप फाइल (कुठवर वाचले याची नोंद) अशी. पहिली फेरी खरवडणे (खराब जागा एकेक सेक्टर करून वाचणे) बंद ठेवून: सरळ वाचले जाते ते सगळे आधी बाहेर काढायचे. दुसरी फेरी फक्त राहिलेल्या जागेवर, तीन प्रयत्नांची. मूळ डिस्क आणि प्रतीची डिस्क यांची नावे एंटर दाबण्याआधी क्षमतेवरून ताडून बघावीत. उलट दिली तर रिकाम्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर बसते.

वेळेचे गणित: सेकंदाला १०० एमबी धरले तर १ टीबीला पावणेतीन तास, डिस्कच्या आतल्या भागात वेग उतरतो म्हणून प्रत्यक्षात साडेतीन-चार. बाहेरची डिस्क चुकून पुढच्या यूएसबी २ पोर्टला लावली की वेग ३०-३५ वर येतो आणि दिवस जातो. मागचे निळे पोर्ट वापरावे. मध्ये लाईट गेली तर मॅप फाइलमुळे काम थांबले तिथून पुढे चालू होते. त्यासाठी तीच मॅप फाइल पुन्हा द्यायची. पावसाळ्यात आपल्याकडे साधी कॉपी-पेस्ट न करता हे टूल वापरण्याचे हेही एक कारण.

निकाल: एक सेक्टर सोडून सगळे आले.

१६ जुलै २०२५, बुधवार

लॉगिन स्क्रीनवर शिफ्ट धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड, कमांड प्रॉम्प्ट. इथे विंडोजचा ड्राइव्ह सी असेलच असे नाही. या मशीनवर तो डी दिसत होता. आत ‘युजर्स’ फोल्डर दिसतो तो आपला.

चेकडिस्क फक्त ‘एफ’ जोडून चालवली. ‘आर’ जोडली की ती सबंध डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचते. १ टीबीला अनेक तास लागतात आणि त्यात पुन्हा लाईट गेली तर आगीतून फुफाट्यात. ‘एफ’ने काही अनाथ फायली परत जोडल्या, काही निर्देशिका-नोंदी काढल्या. मुळाशी ‘फाउंड.०००’ नावाचा लपलेला फोल्डर तयार झाला. तो पुसू नये, हरवलेल्या एक्सेल फायलीचा तुकडा तिथे मिळू शकतो. नंतर एसएफसी (विंडोजच्या फायली तपासणारे टूल) ऑफलाइन चालवले. विंडोजच्या स्वतःच्या फायलींत बिघाड नाही.

मशीनवर दुसरे ॲडमिन खाते आधीपासून होते, त्यातून आत जाता आले. (नसते तर सेफ मोडचा खटाटोप. प्रत्येक ऑफिसच्या मशीनवर असे एक राखीव खाते असावे आणि त्याचा पासवर्ड कागदावर, कपाटात.) इव्हेंट व्ह्यूअरमध्ये साखळी स्वच्छ दिसते: सिस्टीममध्ये ४१ आणि ६००८, म्हणजे मशीन नीट बंद न होता गेले, एनटीएफएसचा ५५, म्हणजे फाइल सिस्टीमची रचना बिघडली, मग ॲप्लिकेशनमध्ये १५०८ आणि १५०२, म्हणजे प्रोफाइलची रजिस्ट्री (सेटिंगची) फाइल उघडता आली नाही. घड्याळ बिघडलेले असताना पडलेल्या नोंदींवर जुनी तारीख असते, त्यामुळे तारखेवर न जाता नोंदींच्या चढत्या अनुक्रमांकाने (इव्हेंट रेकॉर्ड आयडी; वरचे ४१, ५५ नव्हेत) लावून वाचावे.

१७ जुलै २०२५, गुरुवार

प्रोफाइल. रजिस्ट्रीत लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, प्रोफाइल लिस्ट या वाटेने गेल्यावर एस-१-५-२१ ने सुरू होणाऱ्या लांब किल्ल्या (रजिस्ट्रीतले कप्पे, खात्यामागे एक) दिसतात. एकाच नंबरची किल्ली दोनदा असेल, एक साधी आणि एक ‘डॉट बॅक’ शेपटीची, तर विंडोजने खरी प्रोफाइल बाजूला सारून तात्पुरती उभी केली आहे. नेहमीचा उपाय: आधी सबंध प्रोफाइल लिस्ट एक्सपोर्ट; साधीच्या नावाला ‘डॉट ओल्ड’ जोडायचे; ‘बॅक’वालीची शेपटी काढायची; तिच्यात ‘स्टेट’ शून्य, आणि ‘रेफकाउंट’ असेल तर तेही शून्य.

हा उपाय दहा ठिकाणी सांगितलेला सापडेल. तो कधी चालत नाही हे क्वचितच. तो फक्त नोंद दुरुस्त करतो. मूळ फाइल, एनटीयूजर डॉट डॅट (त्या खात्याच्या सेटिंग हिच्यात असतात), खराब असेल तर रीस्टार्टनंतर शेपटी परत उगवते. म्हणून नावे बदलण्याआधी त्या फायलीची प्रत दुसरीकडे नेऊन रेजएडिटच्या (रजिस्ट्री बघायच्या प्रोग्रॅमच्या) ‘लोड हाइव्ह’मध्ये उघडून बघावी. उघडली तर नोंदीचा दोष, नाही उघडली तर फायलीचा. इथे नाही उघडली. हेक्स एडिटरमध्ये पहिली चार अक्षरे ‘आर-ई-जी-एफ’ असायला हवीत. सुरुवातीचा सगळा भाग शून्यांनी भरलेला होता. फायलीची लांबी बरोबर, आत काही नाही. लांबीची नोंद डिस्कवर पोचली, मजकूर रॅममध्येच राहिला आणि करंट गेला, की असे होते.

रिस्टोअर पॉइंट असता तर त्यातून जुनी फाइल काढता आली असती. सिस्टीम प्रोटेक्शन बंदच होते. रेगबॅक फोल्डर (रजिस्ट्रीच्या प्रतींचा) बघण्यात अर्थ नाही: विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून तो आपोआप भरला जात नाही आणि भरलेला असतानाही त्यात वापरकर्त्याची ही फाइल नसते.

म्हणून नवे खाते. एकदा लॉगिन करून बाहेर, मग ॲडमिनमधून जुन्या फोल्डरातले डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स नव्यात. एनटीयूजर नावाने सुरू होणारे काहीही न्यायचे नाही. ॲपडेटा (प्रोग्रॅमांच्या सेटिंगचा फोल्डर) सरसकट न्यायचा नाही. लागेल तेवढा प्रोग्रॅमनिहाय.

काय आले नाही ते महत्त्वाचे. क्रोममधले साठवलेले पासवर्ड आले नाहीत, कारण ते जुन्या खात्याच्या किल्लीने बांधलेले असतात; त्या-त्या वेबसाइटवर जाऊन नवे करून घ्यावे लागतील. श्रीलिपी आणि नुडीचे बहुतेक फॉन्ट दिसले, पण काही मराठी फॉन्ट गायब. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ॲडमिन नसताना फॉन्टवर डबल-क्लिक करून इन्स्टॉल केला की तो त्या वापरकर्त्याच्याच ॲपडेटामध्ये बसतो, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात नाही. जुन्या फोल्डरातून काढून या वेळी राइट-क्लिक करून सगळ्यांसाठी इन्स्टॉल केले. कीबोर्डच्या भाषा नव्याने लावून त्या लॉगिन स्क्रीनलाही कॉपी केल्या, इंग्रजी पहिली ठेवून.

वर्गणीची एक्सेल फाइल ‘दुसऱ्याने उघडली आहे’ म्हणून फक्त वाचायला उघडत होती. तिच्याशेजारी टिल्ड-डॉलरने सुरू होणारी लपलेली छोटी फाइल उरली होती. ती काढल्यावर ठीक. शनिवारच्या शेवटच्या काही पावत्या फाइलमध्ये नाहीत. ऑटोरिकव्हर दर १० मिनिटांनी चालते. त्यातून मिळाल्या त्या घेतल्या, बाकी पावतीबुकावरून भरल्या.

२१ जुलै २०२५, सोमवार

आता करंटची बाजू. यूपीएस असताना मशीन पडलेच कसे?

यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी मोकळी मोजली तर १२.६ दाखवते, म्हणजे कागदावर पास. १०० वॉटचा बल्ब लावून लाईट बंद केली आणि काही सेकंदांत ९ च्या खाली. साडेदहाच्या आसपास यूपीएस स्वतःला बंद करतो. बॅटरी बदलली. नवीवर हे मशीन आणि एलईडी मॉनिटर १५ मिनिटांच्या आसपास चालावेत. ही बॅटरी दोन-तीन वर्षांचीच असते. लेझर प्रिंटरही यूपीएसला लावलेला होता, तो काढला. त्याचा रोलर तापताना एकटाच ६०० व्हीएच्या यूपीएसला खाली बसवतो.

इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि इको असे बटण असते. ते इकोवर होते. इकोमध्ये तो साधारण १०० ते २९० व्होल्टपर्यंतचा पुरवठा तसाच पुढे सोडतो आणि बदलायला जास्त वेळ घेतो. यूपीएस मोडमध्ये १८० ते २६० ची खिडकी आणि बदल चटकन. कॉम्प्युटरचा एसएमपीएस करंटाशिवाय १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, त्यापुढे रीस्टार्ट. मग बटण यूपीएसवर टाकावे? इथे नको. संध्याकाळी इथे १७५ व्होल्ट मोजले. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर दर संध्याकाळी लाईट असूनही बॅटरीवर जाईल आणि खरी गरज पडेल तेव्हा रिकामा असेल. बटण इकोवर कुणी टाकले ते विचारले नाही, पण विचार करून टाकलेले दिसते. इन्व्हर्टर इकोवरच ठेवला. त्याच्यापुढे चांगल्या बॅटरीचा यूपीएस. छोटा यूपीएस १४० व्होल्टपासून सांभाळून घेतो आणि बदलाला १० मिलिसेकंदांच्या आत लागतात. ही जोडी साइनवेव्ह इन्व्हर्टरवरच जमते. स्क्वेअरवेव्ह असेल तर छोटा यूपीएस त्याला खराब लाईट समजून बॅटरीवरच बसून राहतो.

सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात १४ व्होल्ट निघाले. २-३ च्या वर गेले की शोध घ्यावा. वायरमनला मीटरच्या पुढच्या आपल्या बोर्डात न्यूट्रलचा स्क्रू ढिला आणि काळवंडलेला मिळाला. वायर कापून नवे टोक काढून आवळल्यावर १.५. मीटरच्या अलीकडचे, खांबावरचे किंवा टीसीवरचे (ट्रान्सफॉर्मरवरचे) काही असेल तर सील न तोडता १९१२ वर तक्रार करावी; ते हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) लाईनमनचे काम.

बायोसमध्ये ‘एसी पॉवर गेल्यानंतर’ या सेटिंगला ‘बंदच राहा’ दिले. आधी ‘चालू हो’ होते, म्हणजे लाईट येत-जात असताना मशीन दर वेळी अर्धवट बूट होऊन पडत असणार. विंडोजचे फास्ट स्टार्टअपही (पुरते बंद न होता सिस्टीमची स्थिती डिस्कवर ठेवण्याची सोय) बंद केले. डिस्कच्या पॉलिसीतला ‘राइट-कॅश फ्लशिंग बंद करा’ हा चौकोन रिकामा आहे, म्हणजे रॅममधला मजकूर डिस्कवर उतरवणे चालू आहे, याची खात्री केली. वेग वाढवायच्या सल्ल्यांत तो टिक करायला सांगतात. आपल्याकडे मुळीच करू नये.

३० जुलै २०२५, बुधवार

जुन्या डिस्कचा १९७ आता ०, क्रमांक ५ अजून ०. म्हणजे सेक्टर पुन्हा लिहिल्यावर बरा झाला, पृष्ठभागाचा दोष नव्हता. तरी २५६ जीबीची एसएसडी बसवून विंडोज तिच्यावर घेतले. जुनी डिस्क फक्त साठवणीला. एसएसडी करंट जाण्यावरचा उपाय नाही, स्वस्त एसएसडीत लिहिणे पुरे करण्यापुरता कपॅसिटर नसतो. फायदा वेगळा: पुन्हा असे झाले तर प्रत आणि तपासणी तासांऐवजी मिनिटांत होईल. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतचाच. आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि चालू पीटीटी असल्याने ११ वर जाता येईल. त्यावर श्रीलिपी आणि नुडी दोन्ही आधी तपासायचे.

५ ऑगस्ट २०२५, मंगळवार

शेजारच्या गावच्या शाळेतले मशीन, लिनक्स मिंट. तेही लाईट गेल्यानंतरचेच. पासवर्ड टाकला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि लॉगिन परत समोर.

इथे फरक लक्षात घ्यावा: चूक असा संदेश येत असेल तर पासवर्ड किंवा कीबोर्ड. संदेश न येता परत येत असेल तर पासवर्ड बरोबर आहे, पुढचे सत्र उभे राहत नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या स्क्रीनवर त्याच पासवर्डाने आत गेले.

आधी ‘डीएफ’ (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड): रूट पार्टिशन (सिस्टीम असते तो डिस्कचा भाग) १०० टक्के भरलेले. टाइमशिफ्ट या टूलच्या स्नॅपशॉट (सिस्टीमच्या जुन्या प्रती) त्याच पार्टिशनवर साठत गेल्या होत्या. ईएक्सटी-४ या फाइल सिस्टीममध्ये ५ टक्के जागा रूटसाठी (मुख्य ॲडमिन खात्यासाठी) राखीव असते, म्हणून सिस्टीम सुरू होते, रूटची कामे चालतात आणि साध्या वापरकर्त्याला मात्र एक बाइटही लिहिता येत नाही. सत्र सुरू करायला होम फोल्डरात एक्सऑथॉरिटी नावाची छोटी फाइल लिहावी लागते. ती शून्य बाइटची होती. म्हणजे करंट गेल्याने बिघडले असे नाही. मशीन कित्येक दिवस बंदच झाले नव्हते. लाईट गेल्यामुळे नव्याने लॉगिन करायची वेळ आली आणि भरलेली डिस्क उघडी पडली.

जुन्या स्नॅपशॉट टाइमशिफ्टच्या कमांडनेच काढल्या, फोल्डर हाताने न पुसता. एक्सऑथॉरिटीचे नाव बदलले. पुढच्या लॉगिनला नवी तयार झाली. तिची मालकी रूटकडे नाही, वापरकर्त्याकडेच आहे हेही बघितले. टाइमशिफ्टला दोनच स्नॅपशॉटची मर्यादा घातली. फाइल सिस्टीमची तपासणी लाइव्ह पेन ड्राइव्हवरून, पार्टिशन माउंट न करता केली, दोष नाही. या मशीनचा सीआर-२०३२ सेल २.९ व्होल्ट, तूर्त ठेवला. यूपीएस नाही, ६०० व्हीएचा घ्यायला शाळेला कळवले.